ढोल काढून घेतल्यावर

विमानतळावर आईनं लाडवांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "आता नाचबिच पुरे. संसाराकडे बघ." कथकचे घुंगरू मी नाशकातच ठेवले. माझा नवरा श्रीकांत कुवेतमध्ये शुऐब्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, झाला आणि महबूल्यातला फ्लॅट हेच माझं जग झालं. तिथेच मुग्धा झाली, मोठी झाली.

वरच्या मजल्यावर ग्लोरिया राहायची. अमेरिकेतली काळी बाई, एका शाळेत जॅझ डान्स शिकवायची. मुग्धासकट इमारतीतल्या सहा मराठी मुलींना ती हौसेनं शिकवू लागली, तशी मागच्या रांगेत मीही उभी राहू लागले. तिच्याकडूनच कळलं, की गुलामांचे ढोल मालकांनी काढून घेतले तेव्हा त्यांनी मांड्यांवर, छातीवर, टाचांनी जमिनीवर ताल धरला. पुढे तोच नाच गोऱ्यांनी रंगमंचावर नेला. "पाय आमचे, पोस्टरवर चेहरे त्यांचे," ती म्हणायची.

गणेशोत्सवात कुवेतच्या मराठी मंडळाला काहीतरी मॉडर्न हवं होतं. मुलींची तालीम बघून कमिटी खूश झाली. मग मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, मला बाजूला घेतलं.

"सुनीता, बाई गुणी आहेत गं, पण स्टेजवर नकोत. व्हिडिओ गावाकडे जातो. काळीकडून शिकतात म्हणतील. दिग्दर्शनाला तुझंच नाव घालू."

मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते. पत्रिका छापून आली, मुग्धानं वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, दॅट्स अ लाय."

त्याच संध्याकाळी काकांना फोन केला. "नाव बदला, नाहीतर मुली नाचणार नाहीत."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

एवढीशी! कारखान्यात आपली ड्रॉइंग्ज गोऱ्या साहेबाच्या नावावर जातात म्हणून रोज जळफळणारी माणसं ही!

काकांनी नाव बदललं नाही. दोन मुलींना आईवडिलांनी काढून घेतलं. उरलेल्या चौघी आमच्याच इमारतीच्या गच्चीवर नाचल्या, मधोमध ग्लोरिया. हारिसनं, आमच्या रखवालदारानं, खुर्च्या मांडल्या आणि स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या. मंडळानं नंतर आम्हाला बोलावणंच बंद केलं.

नाशिकचे तुम्ही विचारता, कुवेत कधी घर वाटलं का? त्या गच्चीवर वाटलं. आणि आपल्याच लोकांत, आपल्याच भाषेत मी परकी झाले, त्याचा राग इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. घर म्हणजे आपली माणसं, असं आता मी चटकन म्हणत नाही. आधी विचारते, आपली म्हणजे कोण?