बिगर मडगार्डचा टँकर

नांदेडपासून लातूरपर्यंत अमेरिकेतल्या उघड्या चाकांच्या शर्यतीतलं माझ्याइतकं कळणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार न्हाई. पहिला महिनाभर मी ज्या गाडीला टाळ्या वाजवल्या, ती शर्यतीत नव्हतीच.

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्या सालची ही गोष्ट. त्याच्या आधी मी अर्धापूरला केळीची गाडी चालवायचो. बागा वाळल्या, तवा मालकानं गाडीवर टाकी बसवली आणि म्हणाला, "आता हेच पीक." मालकाच्या एका विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. ते भरायचं आणि सांगतील तिथं नेऊन ओतायचं, हे माझं काम. शिक्षण म्हणाल तर दुसरी. तीबी पहिली नीट न करता.

नांदेडात लातूर रोडला एक टायरवाला होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. एका दिवशी माझं चाक खोलता खोलता त्यानं मोबाइल पुढं केला. "देख मियाँ, इसकू बोलते काम."

बघतो तर एक लांबुडकी गाडी, चारी चाकं अंगाबाहेर, वर मडगार्डाचा पत्ता न्हाई. गाडी थांबली, सहा जण भिंतीवरून उड्या टाकून तिच्यावर तुटून पडले, चारी चाकं बदलली, तेल भरलं आणि गाडी गेलीबी. माझा चहाचा घोट तोंडातच होता.

मी म्हणलं, "उस्ताद, तुम्ही माझं एक चाक सकाळधरून काढून राहिलात."

"उनों छे हैं, मैं अकेला. और उनके बोल्टां को तेरे सरीका गंज नै लगता."

तिथून आमचं याड सुरू झालं. तिकडं शर्यत रविवारी होती. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात, म्हणून आम्ही सोमवारी सकाळी उस्तादच्या दुकानात टायरावर बसून मोबाइलवर बघायचो. बोलणारा इंग्रजीत वरडायचा. मला इंग्रजी येत न्हाई, उस्तादला फक्त उर्दू वाचता येती, म्हणून दोघंबी आपापल्या मनानं अर्थ लावायचो. एकदा बोलणारा लई जीव तोडून वरडला, आम्ही दोघं उठून उभं राहिलो, तर ती कसल्यातरी साबणाची जाहिरात निघाली.

मला पहिल्यापासून एक गाडी आवडली होती. चकचकीत, वर दिवे लावलेली. ती निघाली की बाकीच्या सगळ्या गुमान तिच्या मागं. एकाची तिला ओलांडायची हिंमत होत नव्हती. मी रस्त्यानं भेटल त्याला सांगायचो, "आपला गडी बघा, पुढं कुणाला जाऊच देत न्हाई." पण दर खेपेला ती मध्येच चाकं बदलायच्या गल्लीत वळून गायब व्हायची. मला वाटायचं, पोटाचा काही त्रास असल. महिन्यानं उस्तादला कुणीतरी सांगितलं, की ती शर्यतीची गाडीच न्हाई. अपघात झाला की बाकीच्यांनी हळू चालावं म्हणून तिला पुढं सोडतेत. म्हणजे मी इतके दिवस पोलिसाच्या जीपला टाळ्या वाजवून राहिलो होतो.

मग मी एक निळी गाडी धरली. तिचं जिंकणं काही व्हायचं न्हाई, पण तिचा ड्रायव्हर तेल लई जपून वापरायचा. उस्ताद म्हणायचा, "ये तेरे मालिक का रिश्तेदार दिखता."

घरी बायकोला दाखवलं. तिनं पोळ्या लाटता लाटता दोन मिनिटं बघितलं.

"ह्या डावीकडंच का वळतेत?"

"मैदानच गोल हाय."

"मग एवढ्या फेऱ्या मारून कुठं जातेत?"

"कुठंच न्हाई. निघाले तिथंच येतेत."

"बरोबर. म्हणून तुम्हाला आवडलं."

पण याड काही कमी झालं न्हाई. एप्रिलात मी टँकरच्या मागच्या चाकांचे मडगार्ड काढून टाकले. उस्तादनं हात लावायला साफ नाही म्हणलं, म्हणून पान्हा घेऊन माझा मीच बसलो. उघडी चाकं लई झोकात दिसली. मालकानं विचारलं, "मडगार्ड कुठं गेले रे?" मी म्हणलं, "ढिले झाले होते, पडून कुणाला लागतील म्हणून काढले." मालक म्हणाला, "आता तू पडून कुणाला लागू नको."

त्याच उन्हाळ्यात धाकट्या मेव्हणीचं लग्न निघालं. सासुरवाडी अहमदपूरच्या पलीकडं, एक वस्ती. तिथं सरकारी टँकर आठ दिवसाला एकदा यायचा आणि विहिरीत पाणी सोडून जायचा. मग घागरी, दोऱ्या, भांडणं. तेवढ्या पाण्यात घर चालवायचं अवघड, लग्न कुठून होणार? पण सासऱ्यांनी पोराकडच्या लोकांना बैठकीतच सांगून टाकलं होतं, "पाण्याची काळजी करू नका, माझा जावई टँकर घेऊन येतोय." कधी कुणाकडं तोंड वेंगाडलं नसलेला माणूस, मला फोनवर म्हणाला, "जयभीम पाव्हणे. मी शब्द देऊन बसलोय. तुमच्या जिवावर." मी म्हणलं, "मामा, समजा पाणी आलं."

मालकाच्या पाया पडलो, तवा त्यानं एक खेप दिली. "एकच. विहीर तळाला गेली. दुसरी मागू नको."

बायको आठ दिवस आधीच माहेरी निघाली. निघताना दारातून परत फिरली आणि म्हणाली, "पाणी तेवढं आणा. बाकी काही करू नका."

आता नेमकं लग्नाच्या आधल्या सोमवारी आम्ही त्यांची वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत बघितली. शेवटाला सगळे तेलासाठी गल्लीत वळले, आणि माझी निळी गाडी काही वळली न्हाई. थांबलीच न्हाई! तेल संपत आलेलं, गाडी नुसती घरंगळत चाललेली, आणि तशीच ती पहिली आली. तिथं जिंकणाऱ्याला दुधाची बाटली देतेत. गड्यानं थोडं पिलं आणि बाकीचं डोक्यावर ओतून घेतलं. उस्ताद हळहळला, "इत्ता दूध!" माझ्या डोळ्याला मात्र पाणी आलं. त्या साली ते तेवढं एकच पाणी असं होतं, जे कुठून आणावं लागलं न्हाई.

मी काय शिकलो? थांबला तो मेला.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत टाकी काठोकाठ भरली. स्वयंपाक दहाला चुलीवर चढणार होता. वेळ भरपूर होता, वाटंत दोनदा जेवून गेलो असतो तरी पोचलो असतो. नांदेडात उस्ताद दुकान झाडत होता. त्यानं हात केला म्हणून गाडी हळू केली.

"तेरा पिछे का वाल टपक रा. वायसर गया उसका. दस मिनट रुक, बदलके देतूं."

"आज थांबत न्हाई उस्ताद. निळ्या गाडीवानी जाणार."

"अरे, उनों चार चाक बदलने कू रुकते, तू एक वायसर कू नै रुकता?"

"थेंब थेंब तर गळतंय."

"अबी थेंब है," उस्ताद म्हणाला. पण मी गिअर टाकला होता.

लोह्यापर्यंत मी गाडी अशी पळवली की आरशात बघायलाबी सवड न्हाई. तसं बघून उपयोग नव्हता, कारण उजवा आरसा केळीच्या दिवसातच फुटलेला. पुढं अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर रस्ता रोको. नवीन जिल्हा पायजे म्हणून लोक रस्त्यात बसलेले, वर मंडप, मंडपात माईक. माझ्या मागं ज्या गाड्या मी ओलांडून आलो होतो, त्या सगळ्या एकेक करून येऊन उभ्या राहिल्या. अगदी शर्यतीत ती दिव्यांची गाडी आल्यावर होतं तसं. कमावलेलं सगळं गेलं.

एक म्हातारा कडंला दगडावर बसला होता. मी विचारलं, "बाबा, जिल्हा झाला की काय होईल?"

"लातूर जिल्हा झाला तवा म्हणले होते, कलेक्टर जवळ आला. आला जवळ. पाणी तेवढं लांब गेलं." मग माझ्या टँकरकडं बघून म्हणाला, "तू उभा ऱ्हा अजून थोडा. तुझ्यामुळं बरं वाटून राहिलं."

मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी उघडी चाकं आवडली. हळूहळू घोषणा बारीक होत गेल्या, मला वाटलं लोक दमले. अर्ध्या घंट्यानं पुढारी खुद्द माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "पाण्याची गाडी हाय, जाऊ द्या रे हिला," तर पाच-पंचवीस माणसं माझ्या गाडीच्या मागून निघाली, हातात भरलेल्या बाटल्या, आणि वरडली, "टँकरवाल्या भावाचा विजय असो!" बाटल्या मी बघितल्या. पण विजय ऐकल्यावर माणूस बाटल्यांचा विचार करतो का?

तिथून पुढं तर कमालच झाली. प्रत्येक वाडीवर लोक रस्त्याला आलेले. बाया, म्हातारे, सगळे दोन्ही हात वर करून मला काहीतरी वरडून सांगून राहिले होते. काही तर गाडीच्या मागं पळत होते. मी मोबाइलवर बघितलं होतं, शर्यतीला लोक असेच हात हलवतेत. मला वाटलं, फाट्यावरनं कुणीतरी फोन करून सांगितलं असल, की असा असा ड्रायव्हर येऊन राहिलाय. मीबी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांना हात केला. एक बाई घागर घेऊन इतकी लांब पळत आली, की मला तिची दया आली. मी वेग वाढवला, म्हणलं उगंच दमल बिचारी.

वस्तीवर पोचलो तर नऊसुद्धा वाजले नव्हते. लातूरहून निघालेलं वऱ्हाड अजून यायचं होतं. मी पहिला! मंडप मैदानात, पंचशीलाचे झेंडे लावलेले, समोर सहा पिंपं मांडून ठेवलेली. सासरे पांढरा सदरा, पांढरं धोतर घालून मंडपाच्या दारात उभे. बायको चुलीपाशी. आता इथं गुमान पिंपापाशी गाडी लावायची का न्हाई? पण तिकडं जिंकणारा एक फेरी जास्तीची मारतो. मी हॉर्न धरला आणि मंडपाला डावीकडून फेरी घातली.

पहिली फेरी झोकात झाली, म्हणून दुसरी घेतली. पहिल्या फेरीत वालातून गळालेल्या पाण्यानं धुळीचा चिखल केला, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. चाकं त्या चिखलात गेली आणि वर मडगार्ड न्हाई. सासऱ्यांच्या पुढून गाडी गेली, तवा ते पांढरे होते. गाडी पुढं गेल्यावर आरशात एक खाकी माणूस दिसला. मला आधी वाटलं, बंदोबस्ताला पोलीस आला.

गाडी थांबवली. मामा गाडीपाशी आले. तोंडावरचा चिखल पुसला आणि एवढंच म्हणाले, "पाणी सोडा पाव्हणे."

पाणी सोडलं. पहिलं पिंप भरलं, दुसरं भरलं, तिसरं अर्ध्यावर आलं, आणि पाइप खाकरला. मी टाकीवर बुक्की मारली. आतून ढोलासारखा आवाज आला. मंडपातले सगळे त्या आवाजाकडं बघत होते आणि मामा रिकाम्या तीन पिंपांकडं. तेवढ्यात वऱ्हाडाची गाडी आली. व्याही उतरले. त्यांच्या मागं बाया उतरल्या, आणि त्यांच्या पिशव्यांतून रिकाम्या बाटल्या खडखडल्या. लातूरला नळ कोरडे होते, टँकर येणार म्हणल्यावर तेबी भरून न्यायच्या तयारीनं आले होते.

मामांचा चेहरा मी आजपर्यंत विसरलो न्हाई. चिखल वाळला होता, तो कपाळावर तडकला.

बायको चुलीपासून उठली. मला वाटलं आता पळी बसती. पण ती माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत होती. रस्त्यानं बाया येत होत्या, एकामागं एक, डोक्यावर घागरी. पुढं तीच, जिच्यासाठी मी वेग वाढवला होता.

"कुठं हाय तो हात हलवणारा?" ती म्हणाली. "आम्ही बोंबलून राहिलो, पाणी सांडतंय, पाणी सांडतंय. हा आपला राजावानी हात करतोय. आम्हाला वाटलं, पाणी वाटून राहिला, म्हणून मागं पळत घागरी लावल्या. खालच्या वाडीत येऊन कळलं, लग्नाचं हाय." तिनं घागर पिंपात ओतली. "लग्नाघरचं पाणी कसं ठेवून घ्यावं?"

सगळ्यांनीच काही आणलं न्हाई, फाट्यावरचे तर मुळीच आले न्हाईत. पण तिसरं पिंप भरलं आणि चौथ्याचं बूड झाकलं. मामांनी घागरीवाल्या सगळ्या बायांना जेवायला थांबवून घेतलं. भात झाला, वरण झालं. हात धुवायला प्रत्येकी एक पेला, पत्रावळीतच. व्याही म्हणाले, "आमच्याकडं तर तेवढंबी न्हाई." तवा कुठं मामांनी सदरा बदलला.

वंदना झाली, लग्न लागलं. मी टँकरच्या सावलीला उघड्या चाकाला टेकून बसलो होतो. कुणी जेवायला बोलवलं न्हाई आणि मागायची तोंडाची तयारी नव्हती. तर मेव्हणीच आली, पांढऱ्या साडीत, गळ्यात हार, हातात माझं ताट. तिला बघून मला जरा धीर आला.

मी म्हणलं, "कसं का असंना, तुझा दाजी सगळ्यांच्या आधी पोचला का न्हाई? तिकडं असल्या माणसाला दूध देतेत."

तिनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं. "दाजी, तुम्हाला पहिलं या म्हणून कुणी सांगितलं होतं? पाणी आणा म्हणले होते."