चूक मुळ्येकाकांची नव्हती

मुळ्येकाका गेले तेव्हा मी भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये एका गेटचे पाइप कापत होतो. फोन रफीकभाईंचा होता. जुन्या शहरात तांगा अड्ड्यावर त्यांचं चहाचं दुकान आहे. म्हणाले, "गज्जू मियाँ, मुळ्ये साहब नहीं रहे. सुबह चले गए." मी बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि उरलेले चार पाइप कापले. मापात कापले, एकही वाया गेला नाही. मग हात धुतले, सेठना सांगितलं आणि दोन बस बदलून कोटरा सुल्तानाबादला त्यांच्या घरी गेलो. तिथे मी काय केलं म्हणाल तर चपला लावल्या. लोक येत होते, दारात ढीग होत होता, मी जोड्या लावत बसलो होतो… आज सहा आठवडे झाले, रडू काही आलेलं नाही. कामावर जातो, डबा खातो, झोप लागते. सगळं चालू आहे.

तेराव्याला उज्जैन, ग्वाल्हेर, इंदूरहून त्यांचे नातेवाईक आले होते. जेवणं झाल्यावर गोष्टी निघाल्या. त्यांचे एक भाचे म्हणाले, "मामांनी जन्मभर साहेबांच्या सहीचे नकाशे काढले. एकदाच स्वतःच्या नावाने काढला, तर पाहुण्यांचे गुडघे कानाला लागले." सगळे हसले. प्रेमानेच हसले, त्यात वाईट काही नव्हतं. मी पत्रावळी उचलत होतो. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. त्या मंडळींपैकी बरेच जण ही पुरवणी वाचतात, असं काकूंनी सांगितलं. म्हणून इथे लिहितो. ती चूक मुळ्येकाकांची नव्हती. माझी होती.

मी जिंतूरकडचा. नववीत शाळा सुटली, नंतर एका गाववाल्याच्या ओळखीने भोपाळला आलो आणि वेल्डिंग शिकलो. मुळ्येकाका पहिल्यांदा दिसले ते वर्कशॉपच्या दारात, काखेत गुंडाळलेला कागद घेऊन. मी तेव्हा आईशी फोनवर बोलत होतो. बोलणं संपेपर्यंत ते उन्हात उभे राहिले आणि मग म्हणाले, "परभणीकडचा का रे तू? 'करायलास का' म्हणालास, त्यावरून कळलं." इतक्या लांब कुणी माझ्या बोलण्यावरून माझं गाव ओळखेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांची स्वतःची मराठी उज्जैनची, हिंदीच्या वळणाची. "हे तर मी सांगून चुकलो," "माझी मदत करशील का," असं बोलायचे. मला आधी हसू यायचं. नंतर मीच तसं बोलायला लागलो, आणि आई फोनवर हसायला लागली.

काका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये सारी नोकरी गेली. नकाशा ते काढायचे, खाली सही साहेबांची. रिटायर झाल्यावर त्यांनी तांगा अड्डा मनावर घेतला. हा जुन्या शहरातला एक चौक. पूर्वी तिथे तांगे उभे राहत आणि दुकानांसमोर पटिये असत. पटिया म्हणजे दगडाची लांब फरशी, बसण्याइतक्या उंचीवर ठेवलेली. भोपाळची ही जुनी रीत आहे. संध्याकाळी दुकानदार, गिऱ्हाईक, हमाल, मास्तर, सगळे पटियावर बसणार, चिमूटभर मीठ घातलेला चहा पिणार आणि जगाची अक्कल काढणार. कुणी आलं की बसलेल्यांनी सरकायचं, एवढाच कायदा. रस्ता रुंद झाला तेव्हा पटिये निघाले आणि तिथे मोटारसायकली लागायला लागल्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवेलागणीलाच शटरं पडत होती, आणि शेजारी-शेजारी दुकानं असलेले रफीकभाई आणि साडीवाले जैनसेठ एका नालीवरच्या भांडणामुळे कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांना तिथे पटिये परत आणायचे होते. एका उन्हाळ्यात ते रोज तिथे जाऊन उभे राहिले, सावली कुठून कुठे सरकते ते खडूने जमिनीवर मांडलं, आणि व्यापारी मंडळाच्या मागे लागून एकदाचा होकार मिळवला. चौकाच्या तोंडाशी पाटी लागली. तिच्यावर शेवटच्या ओळीत होतं, 'नक्शा: द. मुळ्ये'. ती पाटी दाखवायला ते काकूंना रिक्षाने घेऊन आले होते.

पटियांच्या खालचे लोखंडी पाय आमच्या वर्कशॉपकडे आले आणि बसवण्याचं काम माझ्याकडे. ड्रॉइंग मला वाचता येतं, आकडे कळतात. पण बाजूला बारीक इंग्रजीत टिपा असतात, तिथे मी अडकतो. पायाजवळ अठरा इंचाचा आकडा होता आणि पुढे एक ओळ होती. ती ओळ काय म्हणते हे कुणाला तरी विचारायला हवं होतं. सोबत दोन आयटीआयवाले होते. त्यांना विचारलं तर हसतील, सेठच्या कानावर जाईल, याला वाचता येत नाही म्हणून… असं सगळं डोक्यात फिरलं, आणि मी विचारलं नाही. जमीन तेव्हा खणलेली होती, खाली नुसतं काँक्रीट होतं. मी काँक्रीटपासून अठरा इंच मोजले आणि सगळे सोळा पटिये पक्के करून टाकले. नंतर त्यावर वाळूचा थर आला, फरशी आली. पाच इंच जमीन वर आली आणि पटिये तेवढेच खाली गेले. उरले तेरा इंच.

उद्घाटनाला हार घातलेले पाहुणे बसले आणि त्यांचे गुडघे छातीला आले. उठताना त्यांना दोन-दोन माणसांनी हात दिला. मागून कुणीतरी म्हणालं, "को खाँ, ये बैठने का है कि जूते रखने का?" आणि सगळा चौक हसला. मी टेप घेऊन वाकलो, मोजलं. तेरा इंच. आमचे सेठ तिथेच उभे होते. बायको त्याच महिन्यात पहिल्यांदा भोपाळला आली होती, दिवस गेलेले होते. मंडळाच्या अध्यक्षांनी सरळ विचारलं, "ये किसकी ग़लती है?" मी तोंड उघडणार होतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी उघडणार नव्हतो. काकांनी माझ्या हातातला टेप पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नक्शे की ग़लती है. मेरी."

पुढच्या गल्लीचं काम त्यांनाच मिळायचं होतं, ते एका फर्मकडे गेलं. थोड्या दिवसांनी पाटी नवी रंगवली, तिच्यावर शेवटची ओळ नव्हती. मी त्यांच्या घरी गेलो आणि दारातच म्हणालो, काका, तुम्ही असं का केलं? ते चष्मा पुसत होते. "तुझी नोकरी गेली असती. मी तर रिटायर होऊन चुकलो, माझं काय जाणार?" मग म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस ना? पाच इंच वर घ्यायचेत. सोळा रविवार."

तेव्हापासूनचे रविवार मला सगळ्यात नीट आठवतात. काम सोपं होतं. वरचा दगड उतरवायचा, पायांना पाच-पाच इंचांचे तुकडे वेल्ड करायचे, दगड परत ठेवायचा. पण दगड उचलायला सहा माणसं लागतात आणि आम्ही दोघे, त्यात एक सत्तरीचा. पहिल्या रविवारी वीज रफीकभाईंच्या दुकानातून घेतली, म्हणून ते स्वतः बघायला आले आणि दोन पोरं घेऊन दगडाला भिडले. सहावा माणूस मिळेना. काका सरळ साडीच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "सेठ, एक आदमी कम पड़ रहा है." जैनसेठ बाह्या सरसावून बाहेर आले. रिकामी जागा एकच होती, रफीकभाईंच्या बाजूला. दोघांनी एकच कड धरली. उचलताना रफीकभाई समोर बघत म्हणाले, "कमर से नहीं सेठ, घुटने से. साड़ी का थान नहीं है ये." सेठ म्हणाले, "तुम अपनी केतली संभालो." नालीवरच्या भांडणानंतरचं त्यांचं ते पहिलं बोलणं होतं, असं मला नंतर कळलं. दगड ठेवल्यावर सगळे दमून त्याच्यावरच बसले. उंची बरोबर होती. चहा आला. आणि मग आपापल्या दुकानात परत जायची घाई कुणालाच दिसेना.

पुढच्या रविवारी बोलवावं लागलं नाही. चौथ्या-पाचव्या रविवारी तर माणसं जास्त आणि दगड एक, अशी पाळी आली. "खिसको मियाँ," "अरे, इनको बैठने दो," असं सुरू झालं. दुकानं उशिरापर्यंत उघडी राहू लागली. शेजारच्या गल्लीतल्या बायका पोरांना घेऊन यायला लागल्या. सोळा रविवार संपले तरी हे बसणं सुटलं नाही. मुलगी झाल्यावर माझी बायकोही तिला घेऊन यायची. तिने पहिलं पाऊल तिथेच, दोन पटियांच्या मध्ये टाकलं, आणि ते आमच्या आधी जैनसेठांनी पाहिलं. भोपाळात मला ओळखणारी माणसं मला त्या रविवारांनी दिली. पण गोष्ट सांगितली जायची ती तशीच, मुळ्ये साहब की ग़लती. काकाही सोबत हसायचे. मी चहा प्यायचो. रोज वाटायचं, आज सांगू. आमच्या वर्कशॉपच्या सेठचं काम त्या चौकात चालूच होतं, मुलगी लहान होती, मग शाळेत गेली, मग फी… भीतीला कारण लागतंच असं नाही, पण मला कारणं मिळत गेली.

काका गेल्यावर महिन्याने मंडळाने तांगा अड्ड्यावर शोकसभा ठेवली. खुर्च्या मागवल्या नव्हत्या, सगळे पटियांवरच बसले होते. आमचे सेठही होते. अध्यक्ष चांगलं बोलले. मुळ्ये साहेबांच्या त्या ग़लतीनेच चौक जोडला, असं म्हणाले. मी उभा राहिलो. हिंदीत बोलायचं होतं. म्हणालो, "ग़लती मेरी थी. नाप मैंने ग़लत लिया. पढ़ना नहीं आया, और पूछा नहीं." एका मोटारसायकलचा हॉर्न वाजत होता. मग जैनसेठ म्हणाले, "तो मुळ्ये साहब हमसे झूठ बोले?"

"जी. मेरे लिए."

रफीकभाईंनी ग्लास खाली ठेवला. "इतने साल लगा दिए मियाँ." एवढंच म्हणाले, आणि अध्यक्षांकडे वळले, "बोर्ड पे नाम वापस लिखवाओ. आज ही." अध्यक्षांनी मान हलवली. मी आमच्या सेठकडे बघितलं नाही. निघताना तेच जवळ आले. म्हणाले, "कल टाइम पे आना. वो गेट अभी तक अधूरा है." मला वाटलं होतं, त्या क्षणी हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. बस आली, मी बसलो.

नाव परत लागल्याचं सांगायला मी काकूंकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चूक माझी होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकांनी घरातही सांगितलं नव्हतं. "असं होय," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. मग हाक आली, "गजानन, जरा हे काढून दे रे." काकांच्या खोलीत पलंगाखाली कागदांच्या गुंडाळ्या होत्या, धूळ बसलेल्या. मी एकेक उलगडली. सगळे नकाशे त्या पटियांच्या नंतरचे. चौकाच्या मागची गल्ली, कोटऱ्यातला बसस्टॉप, एका बागेचा कोपरा… कुणी मागितलेले नव्हते, कुठे दिलेले नव्हते. मी सवयीने आधी आकडे बघितले. मग आकड्यांच्या बाजूला बघितलं. तिथे इंग्रजी नव्हतं. प्रत्येक कागदावर, प्रत्येक बाणाच्या टोकाला, मोठ्या सुट्या अक्षरांत मराठी होतं.

काकूंचा चष्मा सापडत नव्हता. म्हणाल्या, "काय लिहिलंय, वाच की."

मी वाचलं. "बसायची उंची अठरा इंच. फरशी बसल्यावर, फरशीपासून मोजणे. शंका आल्यास विचारणे." पुढच्या कागदावरही तेच, त्याच्या पुढच्याही. मी सगळे वाचून दाखवले, कुठे अडकलो नाही.

काकू पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होत्या. "मराठीत कशाला लिहीत बसले हे?" त्या म्हणाल्या. "भोपाळात कोणता मिस्त्री मराठी वाचणार?"

'नक्शे की ग़लती है, मेरी,' हे वाक्य मी इतकी वर्षं माझ्यासाठी बोललेलं खोटं समजत होतो, आणि परवाच भर चौकात तसं सांगूनही आलो होतो. मला न वाचता येणारी टीप लिहिली ही नकाशाचीच चूक, असं काकांना खरंच वाटत होतं की काय, हे आता कुणाला विचारू… मी कागद परत गुंडाळले, दोऱ्या बांधल्या. एक गुंडाळी काकूंनी पुन्हा माझ्या हातात दिली, चौकाच्या मागच्या गल्लीची. ती माझ्या खोलीत दाराच्या मागे उभी आहे. मुलगी मराठी वाचायला शिकते आहे, तिला अक्षरं मोठी लागतात. रविवारी आम्ही ती जमिनीवर पसरतो, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवतो, आणि ती बोट ठेवून वाचते.