तीन घंट्यावरची अमेरिका

आमच्या नातीले अमेरिकेत शिकाले जागा भेटली, तवा घरचे सगळे राजी होते. अडून बसला एकटा म्हातारा, मंजे माह्या घरवाला. म्हणे, "सकाळी निघाली अन् दिवस बुडाच्या आत घरी पोचली, येवढ्याच लांब पोरगी पाठवीन." पोरगी रोज रडे. पण म्हाताऱ्यापुढं बोलते कोण?

माह्यं माहेर पैनगंगेच्या पलीकडं, तेही दिवस बुडाच्या आतलंच. पण सासूनं सोडलं पायजे ना. माय सरल्याचा निरोप आला तवा नदीले पूर होता. मी पोचली तवा राख सावडून लोकं जेवाले बसलते. मीही बसली. तवापासून लांब-जवळ मोजाचं मी सोडून देल्लं.

एक दिवस तुरी पाखडता पाखडता नातीले म्हणली, "तुह्या अमेरिकेच्या इमानाचा टाईम त सांग."

तिनं सांगतलं. दिल्लीहून इमान उठते, सोळा घंटे आभाळात राह्यते, मंग सानफ्रान्सिस्कोले उतरते. पण गंमत अशी का, इथून पहाटचे चारले उठलेलं इमान तिथं उतरते, तवा तिथच्या घड्याळात त्याच दिवशीचे सकाळचे सातच वाजलेले! काहून त तिकडं दिवस मांगून उगवते.

"आता सोळा घंट्याचं नाव घ्याचं नाही," मी तिले दटावलं. "घड्याळाचंच सांगाचं."

म्हातारा जेवाले बसला, तवा मी हळूच काढलं. "आयकलं का? पोरीचं इमान चारले उठते, सातले पोचते."

त्याचा घास हातातच राह्यला. "तीन घंटे? येवढा टाईम त आपल्या ढाणकीची एसटी यवतमाळले जाले घेते!"

"तेच त म्हणून राह्यली मी. अन् एसटीत बसाले जागा नाही भेटत, ते येगळंच."

नातीनं गिलास तोंडाले लावला, हसू दाबाले. पण म्हातारा पक्का. "अन् येताना?"

पोरीले खोटं बोलता येत नाही. पटकन बोलून गेली, "आबा, तिथून आज सकाळी दहाले निघालं, त इथं उद्या दुपारी तीनले."

"काय वं?" म्हातारा माह्यावर पलटला. "जाताना तीन घंटे, अन् येताना दिवसभर, रातभर, वरून दुसरी दुपार?"

पोरीचं तोंड उतरलं. गेली आता अमेरिका, असं तिले वाटलं असन. मी त्याच्या ताटात भाकर वाढली.

"जाताना उतार हाय," मी म्हणली. "येताना चढ लागते."

म्हातारा माह्या तोंडाकडं पाहतच राह्यला. जनमभर बैलगाडी हाकलेला माणूस. चढ-उतार त्याले मी काय शिकवू? मिशीत काहीतरी हाललं. मंग भाकरीचा तुकडा मोडून नातीले म्हणे,

"येताना डायवरले सांगजो, घाई नको करू म्हणा. चढावर दमानंच घ्या लागते."