पारड्यातला उंदीर

शाकारणीला छपरावरची कौलं उतरली की जुन्या धुळीचा वास सुटतो आणि मला जुन्नरातला प्लेगचा तो हिवाळा आठवतो. आमच्या कागद बनवणाऱ्यांच्या कागदी आळीत मेलेले उंदीर सापडले, म्हणून प्लेगच्या बंदोबस्ताला आलेल्या गोऱ्या साहेबानं घरांत ऊन यावं म्हणून सगळ्या आळीची कौलं उतरवली आणि आम्हाला गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत हाकललं. आळीला पाठ लावून उभ्या असलेल्या शेटजींच्या धान्यकोठाराला मात्र कुणी हात लावला नाही. माळावर अब्बांना गाठ आली आणि ते गेले. त्यांना माती देऊन मी कागदाचे साचे आणायला आमच्या उघड्या घरात शिरलो, तर वरून धपकन मेलेला उंदीर पायाशी पडला. मान वर केली, तर कोठाराच्या भिंतीवरून फावडं घेऊन शेटजीच वाकलेले. "तुमच्या आळीत घाण हायेच की," ते म्हणाले, "त्यात एक उंदीर लई झाला व्हय?" मी उंदीर चिमट्यात धरून भर पेठेतून त्यांच्या दुकानात गेलो. शेटजी गादीवर येऊन बसले होते आणि साहेब ओट्यावर उभा राहून दुकानाच्या स्वच्छतेचं कौतुक करत होता. मी उंदीर तराजूच्या पारड्यात टाकला. "शेटजी, तुमचा माल आमच्यात पडला व्हता. तोलून घ्या." साहेबानं तिथल्या तिथं कोठार उघडायला लावलं, तर पोत्यांमागं मेलेल्या उंदरांचा खच. दिवस मावळायच्या आत शेटजींच्या कोठाराची आणि घराची कौलं खाली आली, त्यांची धूळ पेठभर उडाली आणि शेटजींचीही माळावर रवानगी झाली. माळावर एकच झोपडी रिकामी होती, आजारात अब्बांना वेगळं ठेवलेली. तिचं दार मीच त्यांना उघडून दिलं. आज मी अब्बांच्या वयाचा झालोय, तरी कौलांची ती धूळ मला अत्तरासारखी लागते.