शिंगाच्या आतली रेघ

मुलांनो, निहारने हाताने घडवलेली एक जुनी तुतारी विकत घेतली आहे. दुकानदार ती दीडशे वर्षांची आहे म्हणतो. खरं असेल का, असं त्याने मला विचारलं. याचं उत्तर तुमच्या आजोबांनी दिलं असतं, पण पोलीस खात्यातल्या आठवणी त्यांनी कधी कागदावर उतरवल्या नाहीत. म्हणून त्यांचं एक प्रकरण मीच लिहिते. इतकी वर्षं झाली तरी ते मनातून गेलेलं नाही, कारण त्याची उकल आमच्या ओसरीवर झाली.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. तुमचे आजोबा आरमोरीला ठाणेदार होते आणि आमचं क्वार्टर ठाण्याला लागूनच होतं. महाशिवरात्र जवळ आली असताना जवळच्या गावाहून एक म्हातारा पंच मंडळींना घेऊन आला. देवळातलं तांब्याचं शिंग वाजवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे होता.

"साहेब, शिंग बदललं," तो म्हणाला. "पोचे काढाले म्हणून देल्लं होतं. कलईवाल्यानं जुनं ठेवून घेतलं अन् नवं देल्लं. आवाजच नाई राह्यला त्याचा."

कलईवाला म्हणजे आरमोरीतला मुसलमान कारागीर. भांडी सांधायचा, कलई करायचा. माझीही पातेली त्याच्याकडेच जायची. तक्रार नोंदवून आजोबांनी त्याच्या दुकानाची झडती घेतली, तर तिथे एक अर्धवट घडवलेलं नवं शिंग निघालं. मग काय, बाजारात सगळ्यांचं एकमत झालं. त्याच्या दुकानासमोर भांडी घेऊन कोणी उभं राहीना. मीसुद्धा माझं पातेलं परत आणवलं.

"हे दुसऱ्या गावचं काम आहे साहेब," तो सांगत राहिला. "त्यांचं शिंग मी घासलं, पोचे काढले, बस. काऊन बदलीन मी?"

"चकचकीत झालंय," आजोबा म्हणाले.

"घासलं तं चकाकनच ना."

आजोबांचा कुणावरच चटकन विश्वास बसत नसे. त्यांनी दोन्ही शिंगं ओसरीवर मांडली, पंच बसवले आणि टॉर्च घेऊन आधी दुकानात सापडलेल्या नव्या शिंगाच्या रुंद तोंडात पाहिलं. पत्र्याची एक कड दुसरीवर चढवून कथलाने झाळलेली होती. सांध्याची रेघ सरळ आणि पांढरी दिसत होती. पत्रा गिरणीतला, सगळीकडे सारख्याच जाडीचा.

मग देवळाचं शिंग. त्यात कडांना करवतीसारखे दाते कापून ते एकमेकांत गुंतवलेले होते आणि वर पितळेची झाळ होती. काळपट तांब्यात पिवळी नागमोडी रेघ. पत्रा ठोकून काढलेला, कुठे जाड तर कुठे पातळ.

"दाते तोही कापील," एक पंच म्हणाला.

"कापील. पण हे बघा." आजोबांनी टॉर्च आणखी आत धरला. आतल्या तांब्यावर हिरवट थर धरला होता आणि तो त्या रेघेवरूनही अखंड गेला होता. बाहेरून चिंच लावून घासता येतं, आत हात पोहोचत नाही. हा थर पिढ्यांच्या फुंकरीने चढलेला होता. पंचांनी एकेक करून पाहिलं. शिंग जुनंच होतं.

मग आवाज का बदलला? आजोबांनी म्हाताऱ्याला ते वाजवायला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आवाज फाटका निघाला, नुसती हवा.

मी चहाबरोबर फुटाणे ठेवले होते. सगळ्यांनी खाल्ले. म्हाताऱ्याने मात्र आपले उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवले. मी आजोबांना आत बोलावून एवढंच सांगितलं. त्यांनी पंचांना ठाण्यात बसवलं आणि म्हाताऱ्यासमोर फुटाण्यांची ताटली सरकवली.

"खा."

तो ताटलीकडे पाहत राहिला. मग त्याने ओठ वर उचलून दाखवला. पुढचे दोन दात नव्हते.

"बैलानं मुंडकं हालवलं, साहेब. देवाचं शेत शिंग वाजवते त्याले आहे. दात गेले तं शेत जाते. शिंग बिघडलं म्हटलं तं मले कोण विचारते?"

"आणि त्याचं दुकान?"

त्याने उपरण्याची गाठ सोडून फुटाणे ताटलीत परत टाकले.

जबाब पुन्हा लिहिला गेला. पंचांसमोर म्हातारा कारागिराचे पाय धरायला वाकला, तर कारागीर मागे सरला आणि म्हणाला, "राहू दे बाबा. दाताले कलई नाई होत, नाई तं फुकट करून देल्ली असती." पंच हसले. म्हातारा हसला नाही.

कारागिराने शिंगाला नवी, रुंद मुखनळी करून दिली. म्हातारा ओठांच्या कोपऱ्यातून फुंकायला शिकला. यात्रेला आवाज निघाला, पहिल्यासारखा नाही, पण निघाला. दुकानावर गर्दी परतायला मात्र पावसाळा उजाडला. वस्तूला शेवटचा हात ज्याचा लागला, त्याच्यावरच संशय सगळ्यात आधी बसतो, असं आजोबा नंतर प्रत्येक नव्या शिपायाला सांगत.

तेव्हा निहार, तुतारीच्या तोंडात आधी उजेड टाक. सांधा सरळ की दातेरी, पत्रा एकसारखा की ठोकलेला, ते बघ. आणि प्रत्येक भाग वेगळा बघ, कारण एकाच वाद्याची दोन वयं असू शकतात.

ते शिंग अजून त्या देवळात आहे. आतली रेघ नागमोडी आहे आणि मुखनळीची सरळ.