भिंतीपलीकडची तुती

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं कधी पटलं नाही. शेजारी शेजारी घरं, मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. माझी लाँड्री. इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी मागे वाळत असतात, म्हणून माझं अंगण कसं लख्ख! पान पडलं की उचललं, किडा दिसला की फवारलं. पलीकडे त्यांचा नुसता उकिरडा. पाचोळा तसाच पडलेला, लिंबोणीची पानं अळ्यांनी खाल्लेली, आणि कोपऱ्यात तुतीचं भलंमोठं झाड. काही बोलायला जावं तर म्हणायच्या, "अगं, किडेच मारलेस तर पाखरं खातील काय?"

आणि यायची हो मेली पाखरं! दयाळ पाचोळा उकरायचा, शिंपी पक्षी अळ्या टिपायचा, बुलबुल तुतीवर तुटून पडायचे.

येऊ देत, माझं काय जातंय? पण आमचे हे! घड्याळं दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले, दुकान बंद केलं, आणि घरात बोलणंच टाकलं. चहा हवा का विचारलं तरी नुसती मान हलवायचे. आणि सकाळी सातला हाच माणूस भिंतीला खुर्ची लावून तास तास बोलायचा. "वहिनी, आज तांबट आला!" वर खळखळून हसायचं. चादरी पिळता पिळता माझा तिळपापड व्हायचा. हो, जळायचे मी, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं संसार मी केला, आणि हसू तिकडे?

मग मीही हट्टाला पेटले. दाणे टाकले, तर कबुतरं आली आणि चादरी घाण करून गेली. पाण्याचं भांडं ठेवलं, तर कावळा त्यात हाड बुडवून गेला. ह्यांची खुर्ची काही हलेना.

शेवटी एका दुपारी कात्री घेऊन भिंत ओलांडली. अळ्याच लागतात ना? लिंबोणीची अळ्यांनी भरलेली फांदी कापली, आणि मागे वळते तो दारात जाऊबाई!

मला वाटलं, आता गावभर करणार. पण त्या म्हणाल्या, "लिंबोणीची कशाला नेतेस? तुतीची ने. तुझीच आहे."

"माझी?"

"चादरींना डाग पडतात म्हणून दहा वर्षांपूर्वी तू तुती तोडायला लावलीस ना? त्याच संध्याकाळी भावजी एक फांदी घेऊन आले. म्हणाले, वहिनी, तुमच्याकडे लावू द्या. तिला सांगू नका."

हातातली लिंबोणीची फांदी मी खाली ठेवली. ती तुती ह्यांनी लग्नाच्या वर्षी लावली होती. मी तोडायला माणूस बोलावला, तेव्हा हे काहीच बोलले नव्हते. मला वाटलं, ह्यांना चालतंय.

मी तुतीची फांदी आणली. अंगणात ऊन भरपूर होतं ते चादरींच्या दोरीखाली. दोरी सोडली, खड्डा केला, फांदी रोवली. हे दारात येऊन उभे राहिले.

"चादरींना डाग पडतील," म्हणाले.

"पडू देत," मी म्हटलं.

फांदीला अजून दोनच पानं आहेत. पाखरू एकही नाही. पण सकाळी सातला खुर्ची आता भिंतीला नसते, इकडे फांदीजवळ असते.