स्पीकरवर ठेवलेला तळहात

आरंभीच क्षमा मागते. इतरांनी लिहिलेली पुस्तके नीट लावून ठेवणे, हरवली तर शोधणे, फाटली तर चिकटवणे, एवढेच काम मी एकतीस वर्षे केले. आपणही काही लिहावे, असे धाडस कधी झाले नाही. शिवाय मराठी ही माझी शाळेची भाषा. घरी आम्ही तेलुगू बोलत असू. आणि आज ज्या संगीताविषयी लिहायला बसले आहे, त्या हेवी मेटलमधले मला काहीच कळत नाही. तरीही सोलापूर सोडून गेलेल्यांपैकी आणि तिथेच राहिलेल्यांपैकी कोणी हे वाचले, तर माझे सांगणे त्यांना अगदीच परके वाटू नये, अशी आशा आहे.

मी घर सोडले ती सकाळ आठवते. पुण्यात ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. नायना, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या शेडमध्ये मागावर होते. पाळी संपवून ते सायकलवरून थेट स्टेशनावर आले. केसांत, भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू होते. गाडी हलली तेव्हा ते फलाटावरून काही बोलले. एवढ्या गलबल्यात ऐकू येणे शक्यच नव्हते, पण मला कळले. मागाच्या घरात वाढलेल्या मुलांना ओठ वाचता येतात. शेडमध्ये कोणी कोणाशी आवाजाने बोलत नाही. ओठ आणि बोटे पुरतात. ते म्हणाले होते, "शांत जागी ऱ्हा, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू. त्यांच्या दृष्टीने शांत जागा ही मोठ्या माणसांना मिळणारी गोष्ट होती.

आमच्या गल्लीत शांतता नव्हती. प्रत्येक घराला लागून दोन-चार यंत्रमाग असत, आणि भिंती पातळ. आडवा धागा वाहून नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला आदळत राही, आणि तो ठोका जमिनीतून, पाटातून, ताटातून आमच्यापर्यंत येई. अम्मा म्हणे, "माग थांबला की लेकरू उठतं." माझा धाकटा भाऊ खरोखरच सुट्टीच्या दिवशी झोपत नसे. वीज गेली की बायका दारात येऊन उभ्या राहत आणि एकमेकींकडे नुसत्या पाहत. आवाज चालू आहे म्हणजे सगळे ठीक आहे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू सतत भांडत का असतेस गं?" मी भांडत नव्हते, मी मीठ मागत होते. त्या दिवसापासून मी आवाज कमी करत गेले, तो इतका की पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थी माझ्या टेबलापाशी वाकून "काय म्हणालात, मॅडम?" असे विचारू लागले. यजमान, नोकरी, फ्लॅट, एक मुलगी. यजमान लवकर गेले. मुलगी श्रावणी मोठी झाली आणि तिच्या खोलीतून ते संगीत यायला लागले.

मला ते असह्य होई. प्रामाणिकपणे सांगायचे तर अपमान झाल्यासारखे वाटे. गाणे म्हटले की आपण शब्द शोधतो, कोणीतरी आपल्याशी बोलते आहे असे धरून चालतो. इथे गाणारा घशाच्या तळातून गुरगुरे आणि ड्रम छातीवर येऊन बसत. मी एकदा विचारले, "यात तुला सापडतं तरी काय?" ती म्हणाली, "आई, तुला राग आला की तू कपाट आवरतेस. मला आवरता येत नाही. हे लोक माझ्या वतीनं ओरडतात, आणि बघ, एवढं ओरडून एकाचाही ठोका चुकत नाही." मला ते पटले नाही. पण पुष्कळ दिवस मनात राहिले.

अम्मा गेल्यावर मी नायनांना पुण्याला आणले. शेड केव्हाच बंद झाली होती, माग भंगारात गेले होते. त्यांचे कान तर त्याआधीच गेले होते. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी ते नेले. मी त्यांना मागची खोली दिली, झाडांकडे उघडणारी, जाड काचांची. आपण त्यांना जन्मात न मिळालेली वस्तू देत आहोत, या समाधानात मी होते. ते मात्र दिवसभर कानाच्या पाळ्या चोळत. कानात शिट्टी वाजते म्हणत. पूर्वी मागांच्या आवाजात ती बुडून जात असे, आता ती एकटीच उरली होती. जेवण कमी झाले. बोलणे तर मुळातच कमी होते.

एके दुपारी मी घरी असताना श्रावणीने स्पीकर जमिनीवर ठेवून ते संगीत लावले. पाचेक मिनिटांत नायना भिंतीला धरत तिच्या दारात आले.

"कुनाची शेड हाय गं हितं? लई जोरात चालू हाय की!" ते आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले. नातीला तेलुगू येत नसल्याने तिच्याशी ते मराठीत बोलत.

ती हसली. ओठ नीट हलवत म्हणाली, "शेड नाही आजोबा, गाणं आहे. बघा, हे वाजवणारे." तिने मोबाईल पुढे धरला. लांब केस मोकळे सोडून मान हलवणारे चार पुरुष पाहून नायना गंभीर झाले.

"आसली केसं सोडून मागावर? धोट्यात गेली तर टाळू ऱ्हायची न्हाय. मालक काय म्हनत न्हाय व्हय?"

मग ते खाली बसले आणि स्पीकरवर तळहात ठेवला. मी दारातून पाहत होते. त्यांचा चेहरा सैल पडत गेला, कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता तसा. एकाएकी संगीत मधेच तुटले. त्या गाण्यांत तसा एक क्षण येतो, सगळे जण एकदम थांबतात. नायना त्याच क्षणी गुडघ्यांवर उठले. उजवा हात माग थांबवायच्या मुठीकडे गेला, डावा तुटलेले टोक शोधत पुढे आला. "धागा तुटला! धागा तुटला की!" हवेत काहीच नव्हते. दुसऱ्या क्षणाला ड्रम पूर्वीपेक्षा जड होऊन परतले. ते जरासे ओशाळले, खाली बसले आणि नातीला म्हणाले, "मारली कुनीतरी गाठ."

त्यानंतर ते रोज दुपारी तिच्या खोलीत बसू लागले. तीन वाजले की स्वतःहून जात. कोणते गाणे "जुना माग" आणि कोणते "नवा माग" हेही ठरले. एकाविषयी त्यांचे मत होते की "ह्याला तेल पायजे." ते दोन भाकरी खाऊ लागले. शिट्टीची तक्रार थांबली. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते, म्हणून शब्दांचा अपमानही पोचत नव्हता. पोचत होता फक्त ठोका, आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. आवडण्या-नावडण्याची एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षे अभिरुची या भारदस्त शब्दाखाली लावून ठेवली होती.

हे दोन महिने चालले.

मग खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. भांडायला नव्हे, फार सौम्य होत्या. दारातच म्हणाल्या, "दुपारी जरा म्युझिकचा त्रास होतो हो. आणि तुमच्याकडे वयस्कर वडील आहेत ना? त्यांना कसं सहन होतं?"

उत्तर माझ्यापाशी तयार होते. ते संगीत त्यांच्यासाठीच लावतो. माझे वडील मागावर होते. तुम्ही वेळ सांगा, आम्ही त्याच वेळी लावू. त्या बहुधा हो म्हणाल्या असत्या. पण मीठ मागितल्यावर भांडखोर ठरलेली मुलगी माझ्या आत जागी झाली, आणि आपले घर अजूनही गोंगाटाचेच आहे हे उघडे पडल्याची लाज वाटली. मी म्हणाले, "सॉरी. बंद करते."

त्याच संध्याकाळी मी श्रावणीसाठी हेडफोन आणले. ती माझ्याशी भांडली. "आई, खाली जाऊन फक्त खरं सांग ना! नाही तर मी सांगते." मी तिलाही जाऊ दिले नाही, शेजारपाजारचे संबंध, सभ्यता, असे काहीबाही बोलले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता नायना येऊन बसले. तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. त्यांनी वाट पाहिली, मान हलवली, मग ते काढून छातीवर दाबून धरले. तिथेही काही नव्हते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "शेड बंद पडली?" त्यांनी तेलुगूत विचारले.

मी मान डोलावली.

सोलापूरच्या कामगाराला हे वाक्य ऐकवल्यावर तो पुढे प्रश्न विचारत नाही. का, कोणी, पुन्हा कधी, यांपैकी काहीच नाही. तो डबा उचलतो आणि निघतो. नायना उठले, आपल्या खोलीत गेले, आणि पुन्हा कधी त्या दाराशी आले नाहीत. मी पुढे दोनदा त्यांना हाताला धरून बोलावले, खालच्या बाई गावाला गेल्या असताना. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बिड्डा." काचेबाहेर झाडे हलताना दिसत, पानांचा आवाज आत येत नसे. ते पलंगाच्या लोखंडी कडेवर दोन बोटे आपटत राहत. थंडी संपता संपता ते गेले. डॉक्टरांनी वय हे कारण सांगितले. मी डॉक्टरांना काही सांगितले नाही.

श्रावणी नोकरीसाठी जर्मनीला गेली. जाताना स्पीकर माझ्यासाठी ठेवून गेली. फोनवर ती नीट बोलते. आजोबांचा विषय मात्र दोघी टाळतो.

मी ते संगीत लावून पाहिले आहे. तळहात ठेवूनही पाहिला. एखाद्या ठोक्याशी गल्ली सापडेल, अम्मा दारात दिसेल, असे वाटे. चौथ्या मिनिटाला डोके ठणकू लागते आणि बोट आपोआप बटणाकडे जाते. मला तो गोंगाटच ऐकू येतो.

गेल्या महिन्यात सोलापूरला गेले. गल्लीत आता एकच शेड चालू आहे, आठ मागांची. दारात उभी राहिले आणि आवाज अंगावर आला, तेव्हा काही कळायच्या आत माझे दोन्ही हात कानांवर गेले. सुताच्या कांड्या भरत बसलेल्या एका बाईने ते पाहिले. ती माझ्याच वयाची असेल. उठून जवळ आली, मला हलकेच दाराबाहेर नेले आणि मोठ्याने म्हणाली, "बाई, तुमाला सवय न्हाय. भाईर थांबा."

तिने पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पायरीवर बसून पाणी प्याले. माझ्याशी ती आवाजाने बोलली होती. मलाही ओठ वाचता येत असतील, हे तिला सुचले नाही. घर म्हणजे आता ती पायरी. आत सगळे चालू असते आणि मला बाहेर थांबायला सांगितलेले असते, आणि सांगणाऱ्याचे काही चुकलेले नसते.

तुम्हीही गाव सोडून गेला असाल, तर एवढेच विचारते: तुमच्या घराचा आवाज तुम्हाला अजून सहन होतो का?